मायग्रेशन कुठल्या खिडकीवर मिळतं?

माझ्या मावसबहिणीला मराठीत एम.ए. करायचं होतं, आणि तेही कोल्हापूरलाच. बेळगावातून कोल्हापूरला शिकायला जाणं यात नवं काही नाही. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं, आणि सीमाभागातली कितीतरी मुलं तिकडं शिकून आली. माझ्या ओळखीच्या घरांत तर दर घरी एखादा तरी सापडेल. फक्त राज्य बदललं, विद्यापीठ बदललं की एक कागद लागतो. मायग्रेशन सर्टिफिकेट. आधीच्या विद्यापीठानं ‘या मुलीचं आमच्याकडचं काम संपलं, आता ती दुसरीकडे नाव घालू शकते’ असं लिहून द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ.

ती ज्या विद्यापीठातून पदवीधर झाली त्याचं नाव इथं लिहीत नाही. तुम्हाला माहीत असलेल्या कुठल्याही विद्यापीठाचं नाव घाला, गोष्ट फार बदलणार नाही.

पहिल्या खिडकीवर सांगितलं, “मायग्रेशन? ते इथं होत नाही. परीक्षा विभागात जावा.” परीक्षा विभागात सांगितलं, “आधी टीसी आणा, मग चलन भरा, मग या.” टीसी कॉलेजातून आणली, चलन बँकेत भरलं. तिसऱ्या वेळी कळलं की चलन चुकीच्या खात्याचं भरलंय, कारण मायग्रेशनची फी परीक्षेच्या खात्यात न जाता नोंदणीच्या खात्यात जाते. प्रत्येक फेरीला एक दिवस, बसचं भाडं आणि बाबांची एक रजा. विद्यापीठाच्या वेबसाइटवर हा अर्ज होता. नव्हता असं नाही. तो ‘डाउनलोड्स’मध्ये ‘परीक्षा – ३’ या नावाखाली, तिरक्या स्कॅन केलेल्या पीडीएफच्या चौथ्या पानावर होता. ‘परीक्षा – ३’ म्हणजे काय ते त्या टेबलावर बसणाऱ्यालाच माहीत.

कोल्हापुरात तिनं हमीपत्र लिहून दिलं होतं. दिलेली मुदत संपली, कागद आला नाही, प्रवेश रद्द झाला. ते वर्ष तिनं खडे बाजारात एका कापडाच्या दुकानात बिलं करण्यात घालवलं. कुणी लाच मागितली नाही, कुणी उर्मटपणे बोललं नाही. म्हणूनच मला या गोष्टीचा जास्त राग येतो. चिडायला समोर माणूसच नव्हता.

गेल्या नाताळात हे सगळं घरी पुन्हा निघालं. माझा चुलतभाऊ पुण्यात आयटीत आहे. त्याच्या कामाचं नाव ‘एंटरप्राइज आर्किटेक्चर’ आहे, आणि ते काय असतं हे आमच्या घरात कुणालाच कधी कळलं नव्हतं. आजीला वाटायचं तो इमारती बांधतो. त्यानं नेवऱ्यांचं ताट बाजूला सारलं, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि चौकोन काढायला लागला. मी साहित्याची विद्यार्थिनी. चौकोन आणि बाण बघितले की मला झोप येते. पण त्या रात्री आली नाही, आणि नंतरही मी यावर बरंच वाचत राहिले. हा लेख त्यातूनच आलाय. तेव्हा तज्ज्ञाचं मत म्हणून वाचू नका, खिडकीबाहेर उभं राहणाऱ्याचं म्हणून वाचा.

आधी साधी गोष्ट. सेवासूची म्हणजे संस्था तुमच्यासाठी काय काय करते त्याची यादी. काय मिळेल, कुणाला मिळेल, किती दिवसांत, किती पैशांत, कुणाकडे मागायचं आणि नाही मिळालं तर कुणाला विचारायचं. कर्नाटकात ‘सकाल’चा फलक तुम्ही सरकारी कार्यालयात बघितला असेल. २०११चा कायदा, २०१२च्या एप्रिलपासून लागू. त्यात प्रत्येक सेवेपुढे अधिकाऱ्याचं पद, दिवस आणि अपील कुणाकडे ते लिहिलेलं असतं. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई. रक्कम हसण्यासारखी आहे खरी, पण विचार हसण्यासारखा नाही. एकदा ‘इतक्या दिवसांत’ असं लिहिलं की उशीर मोजता येतो. लिहिलंच नाही, तर उशीर झालाच नाही.

विद्यापीठांसाठीही असं काम झालेलं आहे. अमेरिकेत उच्च शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर काम करणारी ‘एज्युकॉज’ नावाची संघटना आहे. तिनं २०१५ साली विद्यापीठांच्या आयटी सेवांच्या सूचीचा एक नमुना काढला आणि २०१९ साली त्याची दुसरी आवृत्ती. अध्यापन आणि अध्ययन, संशोधन, संपर्क आणि सहकार्य, सुरक्षा, प्रशासकीय कामं असे त्यात मोठे वर्ग आहेत आणि त्यांच्या पोटात सेवा. वर्गांची ही नावं नीट बघा. यात एकाही विभागाचं नाव नाही. माणसाला काय करायचंय त्यावरून वर्ग पाडलेत.

आणि आपल्याकडच्या बहुतेक याद्या? परीक्षा विभाग, लेखा विभाग, नोंदणी विभाग, विद्यार्थी कल्याण विभाग. म्हणजे ऑफिसची इमारत जशी आहे तशीच यादी. यालाही एक नाव आहे, म्हणे. मेल्विन कॉनवे नावाच्या प्रोग्रॅमरनं १९६८ साली लिहून ठेवलंय की कुठलीही संस्था एखादी व्यवस्था रचते तेव्हा त्या व्यवस्थेचा आकार संस्थेतल्या माणसांच्या आपापसातल्या बोलण्याच्या आकाराचाच होतो. परीक्षा आणि लेखा विभागांत बोलणं नाही, तर वेबसाइटवरही त्यांच्या मधे भिंत. माझ्या बहिणीनं चुकीचं चलन भरलं ते त्या भिंतीपाशीच.

इथं एंटरप्राइज आर्किटेक्चर कामाला येतं असं माझं मत आहे. नाव भारदस्त आहे. मराठीत त्याला ‘संस्थेचा आराखडा’ म्हणूया. या शास्त्राचा एक मूळ लेख जॉन झाकमन यांचा, १९८७चा, आयबीएमच्या नियतकालिकातला. त्यांनी एक तक्ता मांडला. त्यात सुरुवातीला तीनच प्रश्न होते: काय, कसं आणि कुठं. कोण, केव्हा आणि का हे तीन प्रश्न १९९२ साली जॉन सोवा यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात आले. हे वाचून मी वही बाजूला ठेवली आणि हसले. माणूस, वेळ आणि कारण पाच वर्षांनी आले! आमच्या खिडक्यांवर अजून १९९२ उजाडलेलंच नाही. अर्ज काय, कसा भरायचा, कुठं द्यायचा हे कुणीतरी सांगतं. कोण सही करणार, केव्हा मिळणार आणि हा कागद मुळात का लागतो, हे विचारलं की खिडकीपलीकडचा माणूस वर बघतो.

भावानं त्या रात्री जे केलं ते असं. कॅलेंडरच्या वरच्या टोकाला त्यानं लिहिलं: मायग्रेशन देणे. “ही सेवा. बाहेरून जी दिसते ती. आत काय चाललंय ते बघणाऱ्याला कळायची गरज नाही.” या शास्त्रात चित्रं काढायची ‘आर्किमेट’ नावाची एक ठरलेली चित्रभाषा आहे, तिच्यातही सेवा म्हणजे बाहेरच्याला दिसणारं वागणं. मग त्याखाली पायऱ्या: मुलीनं परीक्षा पास केली का बघणे, बाकी काही येणं आहे का बघणे, फी घेणे, तिची नोंदणी बंद करणे, कागद छापणे, सही, पाठवणे. त्याखाली या पायऱ्यांना लागणारी माहिती: नोंदणी क्रमांक, निकाल, फीची नोंद. त्याखाली ही माहिती कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा कुठल्या रजिस्टरमध्ये आहे. सगळ्यात खाली मशीन.

मग त्यानं विचारलं, “आता सांग, याच माहितीवर अजून कुठले कागद निघतात?” आम्ही सांगत गेलो. ट्रान्सक्रिप्ट. दुसरी गुणपत्रिका. नावातली दुरुस्ती. नोकरी देणारी कंपनी पदवी खरी आहे का विचारते, ते उत्तर. बोनाफाईड. तो प्रत्येकापासून खाली रेघ ओढत गेला, आणि सगळ्या रेघा त्याच दोन-तीन चौकोनांत येऊन पडल्या. ‘विद्यार्थ्याची नोंद पडताळणे’ या एका कामावर निम्मं ऑफिस उभं होतं. पण प्रत्येक खिडकी ते काम पहिल्यापासून करत होती. म्हणून प्रत्येक खिडकीला तीच झेरॉक्स. बहिणीनं त्या उन्हाळ्यात गुणपत्रिकेच्या अकरा झेरॉक्स दिल्या, आणि त्या गुणपत्रिका त्याच विद्यापीठानं छापलेल्या होत्या!

हे पोटातलं काम ओळखण्याला या शास्त्रात ‘क्षमता’ म्हणतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या विद्यापीठांच्या ‘कॉडिट’ या संघटनेनं उच्च शिक्षणासाठी अशा क्षमतांचा एक सामाईक नकाशा केलाय. शिकवणं आणि शिकणं, संशोधन, आणि या दोघांना आधार देणारी बाकीची कामं. त्यात विभागांची उतरंड नाही. विभाग दर पाच वर्षांनी मोडतात, जोडले जातात, कुलगुरू बदलले की नावं बदलतात. पण परीक्षा घेणं, निकाल लावणं, नोंद ठेवणं ही कामं तशीच राहतात. म्हणून सेवासूची विभागांवर टांगली तर ती दर पाच वर्षांनी पडणार, क्षमतांवर टांगली तर टिकेल. मला तरी हे पटलं.

हे सगळं परदेशातून आलेलं शहाणपण आहे असंही नाही. आम्हा कॅथलिकांच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं एक रजिस्टर असतं. तुमचा बाप्तिस्मा ज्या धर्मग्रामात झाला तिथं तुमची एक ओळ लिहिली जाते. पुढं तुम्ही कुठंही राहा, लग्न मुंबईत करा नाहीतर मस्कतमध्ये, त्याची खबर त्या पहिल्या चर्चला कळवावी लागते आणि तुमच्या त्याच ओळीच्या समासात ती नोंद होते. दृढीकरण झालं, तीही तिथंच. चर्चच्या कायद्यात तसा नियमच आहे. माझ्या आईला लग्नाआधी दाखला हवा होता तेव्हा ती एकाच ठिकाणी गेली. पायरी एक, खिडकी एक, कारण नोंद एक. कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीची ही व्यवस्था. विद्यापीठांना हे का जमू नये?

आणि ग्रंथालयवाल्यांना तर हे केव्हाच माहीत होतं. रंगनाथन यांचे पाच नियम १९३१चे आहेत. चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. आमच्या ग्रंथपाल मॅडम सूचीच्या कार्डावरचं ‘पाहा’ दाखवतात. एका लेखकाची दोन नावं असली, टोपणनाव आणि खरं नाव, तर दुसऱ्या नावावर गेलेल्याला कार्ड सांगतं की अमुक पाहा. वाचक कुठल्याही दारानं आला तरी पुस्तकापर्यंत पोचतो.

या ‘पाहा’वर मला थोडं थांबायचंय, कारण इथं चौकोन काढणाऱ्यांना आपली गरज आहे.

बेळगावात एका कागदाची तीन नावं असतात. सगळे म्हणतात मायग्रेशन. मराठी अर्जावर लिहिलेलं असतं स्थलांतर प्रमाणपत्र. कन्नड पाटीवर वलसे प्रमाणपत्र. माझी बहीण वेबसाइटवर ‘मायग्रेशन’ शोधत होती आणि त्या पीडीएफमध्ये तो शब्दच नव्हता. स्कॅन केलेल्या चित्रात तसाही कुठलाच शब्द शोधता येत नाही, ते आणखी वेगळं. भावाच्या आराखड्यात सेवेला एक क्रमांक असतो आणि एक नाव. मी त्याला म्हटलं, “क्रमांक एकच ठेव, नावं मात्र लागतील तेवढी ठेव.” लोक जे नाव घेतात ते पहिलं. सरकारी नाव नंतर. कुठलं नाव शुद्ध यावरून भांडायला सीमाभागात आधीच पुष्कळ विषय आहेत.

शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले आणि ते वर्गांत लावले गेले. दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग वगैरे. शाळेत आपण ते भाषाभिमानाचं उदाहरण म्हणून शिकतो. मला आता तो कोश वेगळा दिसतो. राज्य चालवायला कुठली कुठली कामं लागतात याची ती वर्गवार यादी आहे, आणि यादी करायची तर आधी नावं ठरवावी लागतात. तरीही त्यातले सगळे शब्द लोकांच्या तोंडी बसले नाहीत. आपण आजही ‘किल्ला’ म्हणतो, ‘कागद’ म्हणतो. सूची करणाऱ्यानं हे दोन्ही लक्षात ठेवावं.

विरोधात बोलणारे आहेत, आणि त्यांचं अर्धं बोलणं खरं आहे. आमचे एक सर म्हणाले, “हे कंपन्यांचं फॅड. चित्रं काढतात, सादर करतात, कपाटात ठेवतात.” भावानंही हसत मान्य केलं की त्यानं काढलेल्या चित्रांतली बरीचशी पुन्हा कुणी उघडलीच नसतील. संपूर्ण विद्यापीठाचा आराखडा करायला बसलं तर तीन वर्षं जातील आणि तोवर सॉफ्टवेअर बदललेलं असेल. म्हणून माझं म्हणणं आहे, सगळं काढूच नका. विद्यार्थी सगळ्यात जास्त ज्या कागदांसाठी रांगेत उभे राहतात असे वीस कागद घ्या. फक्त त्यांच्या रेघा ओढा. जिथं रेघा एकत्र येतात ते एक-दोन चौकोन दुरुस्त करा. बाकीचं पुढच्या वर्षी.

आणखी एक. प्रत्येक सेवेपुढे मालकाचं पद लिहा. माणसाचं नाव नको, माणूस बदलतो. ओळ शेवटची कधी तपासली ती तारीखही लिहा. तारखेशिवायची सूची म्हणजे जुन्या वेळापत्रकावर विश्वास ठेवून स्टँडवर जाणं.

दुसरे म्हणतात, “आता सगळं ऑनलाइन होतंय, डिजिलॉकर आहे, कागदच लागणार नाहीत.” डिजिलॉकर २०१५पासून आहे आणि चांगलं आहे, माझी दहावीची गुणपत्रिका त्यातच आहे. पण चुकीच्या रचनेवर पोर्टल बसवलं की रांग खिडकीवरून मोबाइलमध्ये येते, इतकंच. खिडकीवर निदान कुणी म्हणतं, “अगं, हे चलन नव्हे.” मोबाइल म्हणतो, ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा.’

आता आमच्या ऑफिसातल्या मामांबद्दल, कारण त्यांच्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. आमच्या कॉलेजात सेवासूची नाही. मामा आहेत. शिपाई म्हणून लागले, आता त्यांचं पद काय आहे ते प्राचार्यांनाही बहुधा आठवत नसेल. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर, कुठल्या सह्या आधी, दुपारी तीननंतर कुणाकडे जायचं नाही, जातीच्या दाखल्याला कुठली प्रत चालते, सगळं त्यांच्या डोक्यात. नव्या क्लार्कबाईसुद्धा त्यांनाच विचारतात. तुम्ही त्यांना ‘मामा, बोनाफाईड’ एवढंच म्हणायचं, ते विचारतात, “कशाला पायजे? बस पासला की बँकेला?” कारण दोन्हींचं लिखाण वेगळं असतं. झाकमनच्या तक्त्यातला शेवटचा प्रश्न, का, हा मामा सगळ्यात आधी विचारतात.

भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “हीच तर भीती असते. सगळा आराखडा एका माणसात.” मामा मे महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतायत.

म्हणून मंडळातल्या आम्ही चौघांनी ठरवलं की मामांना विचारून वही करायची. आम्हाला सॉफ्टवेअर येत नाही, पण ऐकून लिहून घेता येतं, आणि एका गोष्टीची चार नावं असली तरी गोंधळायचं नाही एवढं साहित्यानं शिकवलंय. रोज चारनंतर पाऊण तास. एका पानावर एक कागद: लोक काय म्हणतात, अर्जावर काय लिहिलंय, कशासाठी लागतो, काय जोडायचं, कुणाची सही, किती दिवस, आणि हा कागद दुसऱ्या कुठल्या कागदावर अवलंबून आहे. शेवटचा रकाना भावानं घालायला लावला. पहिल्या आठवड्यात मामांना हा सगळा पोरखेळ वाटला. दुसऱ्या आठवड्यात ते स्वतःच आठवून यायला लागले. “ते एक राहिलं की गं, गॅप सर्टिफिकेट.”

टीसीचं पान आम्ही तीनदा फाडलं. मामा सांगायचे ग्रंथालयाची नो ड्यूज आधी, ऑफिसच्या बाई म्हणायच्या फीची आधी. दोघंही आपापल्या अनुभवानं बरोबर होते, आणि मुलं वर्षानुवर्षं त्या दोन बरोबरांच्या मधे जिने चढत-उतरत होती. शेवटी दोघांना एका बाकावर बसवलं. दहा मिनिटांत कळलं की क्रम कुठलाही चालतो, दोन्ही सह्या एकाच कागदावर असल्या म्हणजे झालं. तसा कागद कुणी केला नव्हता, एवढंच. तो आता आहे. ऑफिसात मागा, मिळेल.

मावसबहीण पुढच्या वर्षी कोल्हापूरला गेली, आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिला वहीचे फोटो पाठवले तर तिचा फोन आला. मायग्रेशनच्या पानावर ‘चलन कुठल्या खात्याचं’ हा रकाना नाही, तो आधी घाला म्हणाली. घातलाय.

काल एकतिसाव्या पानावर आलो. मामांनी घड्याळ बघितलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, “आता बास. उद्या या की. आणि तो शाईचा पेन आणा, हा बॉलपेन उमटत नाही नीट.”